गिरणीचं तोंड

सेव्हेरिन कुबालाचा आवाज अख्ख्या गिरणीला ठाऊक होता, पण त्या आवाजाचं पुढं कधी काही होईल असं कुणाच्याच, खुद्द सेव्हेरिनच्याही, डोक्यात आलं नव्हतं. तो साचेखात्यात जॉबर. बिघडलेले माग दुरुस्त करायचे, दिवसभर हात तेलात. दुपारच्या सुट्टीत मात्र हात पुसून तो गिरणीच्या रेडिओच्या खोलीत जायचा आणि आज कुणाच्या नावाच्या संताचा दिवस, म्हणजे कुणाचा नामदिन आहे, दुसऱ्या पाळीची बस किती उशिरा सुटणार, कॅन्टीनमध्ये सूप कसलं आहे, हे भिंतीवरच्या कर्ण्यांतून वाचून दाखवायचा. बायका म्हणायच्या, "सेव्हेरिन वाचतो तेव्हा कोबीचं सूपसुद्धा खावंसं वाटतं." आता आमच्या वूच शहरातल्या गिरणीतलं कोबीचं सूप ही काय चीज होती हे ज्यानं खाल्लंय त्यालाच माहीत. तेव्हा ही स्तुती साधीसुधी समजू नका.

त्याची बायको लुत्सिना त्याच खात्यात मागावर होती. बावीस वर्षं. साचेखात्यात चारशे माग एका वेळी धडधडतात, तिथं माणसाच्या आवाजाला काडीची किंमत नसते. तिथल्या बायका ओठांनी बोलतात. जबडा पूर्ण उघडायचा, ओठ ताणायचे, गाल, भुवया, सगळं तोंड कामाला लावायचं आणि घशातून आवाज काढायच्या भानगडीत पडायचंच नाही. चार माग पलीकडच्या बाईला सासूची आख्खी कागाळी अशी सांगून व्हायची. गुपित सांगायचं तर तोंडावर हात धरायचा, कारण खात्यात सगळ्यांनाच वाचता यायचं. याला आमच्याकडे गिरणीचं तोंड म्हणत. बाहेर ट्राममध्येही या बायका तशाच बोलायच्या आणि शहाणीसुरती माणसं एकमेकांना कोपरखळ्या मारून हसायची. हसोत बापडी.

सेव्हेरिन नवा जॉबर होऊन आला तेव्हा लुत्सिनानं तीन माग पलीकडून त्याला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं : "शर्टाचं बटण तुटलंय, बायको नाही का घरी?" त्याला ते कळलं नाही. शेजारच्या चौघींना कळलं आणि त्या पोट धरून हसल्या. मग त्यानं महिन्याभरात ती भाषा शिकून घेतली, आणि वसंतात, मागांच्या त्या गदारोळात, तोंड जेवढं उघडता येईल तेवढं उघडून तिला लग्नाचं विचारलं. सगळ्या खात्यानं वाचलं. तिचा होकारही सगळ्या खात्यानं वाचला. एक अक्षरही कुणाच्या कानावर न पडता ठरलेलं हे लग्न वीस वर्षं उत्तम चाललं.

मग एक्क्याण्णव साली गिरणी बंद पडली. नवराबायको एकाच शुक्रवारी घरी बसले. भोंगा गेला, माग भंगारात गेले, आणि घरातल्या शांततेत पहिल्यांदा लक्षात आलं की लुत्सिनाला ऐकू येत नाही. म्हणजे आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. सरकारी दवाखान्यात कानाला लावायचं एक यंत्र मिळालं. ते शिट्ट्या घालायचं. तिनं ते बटणांच्या डब्यात टाकून दिलं आणि म्हणाली, "मला काय करायचंय? तू बोलतोस ते दिसतंय की." खरंच दिसत होतं. सेव्हेरिनचं तोंड गिरणीचंच होतं, तो मीठ मागायचा तेव्हाही खिडकीबाहेरच्या माणसाला कळलं असतं.

अशात त्याला काम मिळालं. आमच्या देशात परदेशी सिनेमा टीव्हीवर लागला की त्यातलं सगळ्यांचं बोलणं एकच माणूस वाचतो. नायक तोच, नायिका तोच, खुनी तोच आणि खून झालेली म्हातारीही तोच. मूळ आवाज खाली बारीक चालू असतात आणि वरून हा वाचत जातो. गिरण्या बंद पडल्या त्याच सुमारास घरोघरी केबल आली, सिनेमांचा पूर आला, आणि वाचणारे कमी पडायला लागले. ओल्गेर्ड मास्तर नावाचे एक जुने रेडिओवाले बंद पडलेल्या बालवाडीच्या तळघरात हे काम करत. त्यांच्या छातीचा भाता झाला होता, त्यांना आपल्यामागं कुणीतरी तयार करायचं होतं. गिरणीच्या कर्ण्यावरचा आवाज त्यांनी कधीतरी कुंपणापलीकडून ऐकला होता. त्यांनी माणूस पाठवून सेव्हेरिनला बोलावून घेतलं.

पहिल्या दिवशी फजिती झाली. सेव्हेरिननं माइकसमोर छाती भरून घेतली आणि पहिलं वाक्य असं ठोकलं की आवाजाचं यंत्र सांभाळणाऱ्या रेनातानं कानावरचे हेडफोन उपटून फेकले.

"कुबालासाहेब, मी इथंच आहे हो! पुढच्या गल्लीत नाही!"

दुसरी फजिती त्याहून मोठी. सिनेमातली बाई नवऱ्याच्या प्रेतावर पडून रडत होती. सेव्हेरिननं तिची वाक्यं वाचताना गळा दाटून आणला. मास्तरांनी टेप थांबवली.

"अहो कुबाला, तुम्ही कशाला रडताय? ती रडतेय ना तिचं तिचं?"

"पण मास्तर, प्रसंगच तसा..."

"प्रसंग तिचा आहे. तिच्या रडण्यावर तुम्ही रडायला लागलात तर लोकांनी कुणाकडं बघायचं? तुम्ही जिन्याचा कठडा आहात. लोकांनी हात ठेवून वर जायचं. कठड्यानं मध्येच हुंदके दिले तर माणूस तोंडावर पडेल."

मास्तरांनी त्याला मुळापासून शिकवलं. जमिनीवर उताणं झोपून पोटावर जाडजूड पुस्तक ठेवायचं आणि श्वासानं ते वर उचलायचं. आवाज पोटातून काढायचा, घसा फक्त वाट. "मोठ्यानं बोलणं वेगळं आणि पोचणं वेगळं," ते म्हणत. "तुम्ही आजवर ओरडलात. आता शेवटच्या मजल्यावर एकटी बसलेली म्हातारी डोळ्यांपुढं आणा. तिच्या कानाशी जायचंय, पण तिला दचकवायचं नाही." रेकॉर्डिंगच्या आधी हिरवं सफरचंद खायचं, म्हणजे तोंडात चिकचिक होत नाही. वाक्य मूळ माणसाच्या अर्ध्या श्वासानंतर धरायचं, आधी नाही, फार नंतरही नाही. हे सगळं सेव्हेरिनला जमत गेलं. अडलं एकाच ठिकाणी. तोंडावर.

"हे तोंड आहे की भट्टीचं दार?" मास्तर म्हणाले. "एवढं उघडता, ओठ एकमेकांवर आपटता, माइकमध्ये काय गोंधळ होतो ऐका."

रेनातानं टेप ऐकवली. प्रत्येक शब्दामागं चपचप, प्रत्येक 'प' आणि 'ब' बुक्की मारल्यासारखा. मास्तरांनी त्याला एक हातातला आरसा दिला, एक मेणबत्ती दिली. ज्योतीसमोर तोंड धरून वाचायचं आणि ज्योत हलू द्यायची नाही. तोंड निम्मं करायचं. मग त्याच्याही निम्मं.

मेणबत्ती कोण धरायचं? लुत्सिना धरायची. मला हे आठवलं की अजून जीव कासावीस होतो. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी ती त्याच्यासमोर बसायची, मेणबत्ती त्याच्या ओठांपासून वीतभर अंतरावर धरायची आणि ज्योत हलली की बोट वर करायची. "हललीऽ! परत." पहिल्या आठवड्यात ज्योत चार शब्दांत विझायची. तिनं काड्यापेट्यांवर काड्यापेट्या संपवल्या. वैतागली नाही. मार्च उजाडेपर्यंत ज्योत एका अख्ख्या परिच्छेदभर सरळ उभी राहिली, आणि तिनं मेणबत्ती टेबलावर ठेवून टाळ्या वाजवल्या. नवऱ्याचं तोंड आपण आपल्याच हातानं मिटवत आणलंय, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याच्या तर नाहीच.

मग मास्तरांनी त्याला घरी सरावाला टेपरेकॉर्डर दिला. घर ते केवढं, दीड खोली. तो वाचायला बसला की टेपमध्ये लुत्सिनाच्या भांड्यांचा आवाज यायचा, तिच्या बोलण्याचाही. स्वतःचं ऐकू येत नसल्यामुळं ती मोठ्यानं बोलायची. एकदा सगळं पान मनासारखं उतरत आलं होतं आणि शेवटच्या ओळीला ती दारातून ओरडली, "बटाटे किती घालू?" सेव्हेरिन गर्रकन वळला. ओठांवर बोट दाबून, डोळे वटारून त्यानं "शूऽ!" केलं. तिला बोट दिसलं, डोळे दिसले.

त्या दिवसापासून ती घरात मोज्यांवर चालायला लागली. भांडी उतरवताना खाली फडकं घालायला लागली. सेव्हेरिनला वाटलं, किती समजूतदार बायको! पुरुषाला असल्या वेळी नेमकं एवढंच वाटतं.

सेव्हेरिनचा पहिला सिनेमा एका गुरुवारी लागला. संध्याकाळी शेजारपाजारचे सगळे त्यांच्या खोलीत दाटीवाटीनं बसले. पडद्यावर कुठले कुठले लोक कुठल्या कुठल्या भाषेत ओठ हलवत होते, आणि वरून सेव्हेरिन. तो खोलीत कोपऱ्यात उभा होता, हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. सिनेमा संपल्यावर वरच्या मजल्यावरच्या आजीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तू वाचतोयस हे मी दहाव्या मिनिटाला विसरले बघ." या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. लुत्सिनानं सगळ्यांसमोर त्याचे दोन्ही गाल धरले. "फार छान वाचलंस," ती म्हणाली.

तिनं सिनेमाकडं पाहिलंच नव्हतं. ती दोन तास शेजाऱ्यांचे चेहरे बघत बसली होती. ते गप्प झाले, पुढं सरकले, त्यावरून तिनं ताडलं की छान चाललंय. पण हे सेव्हेरिनला पुढं बऱ्याच काळानं समजलं.

काम वाढत गेलं. गुरुवार त्याचा झाला, मग मंगळवारही. घरी येऊन तो दिवसभराच्या गोष्टी सांगायचा आणि लुत्सिना त्याच्याकडं टक लावून बघत मान हलवायची. तो सांगायचा, ती मान हलवायची. सूप वाढायची, मान हलवायची. तिचं स्वतःचं बोलणं कमी झालं होतं, पण सेव्हेरिन दिवसभर शब्दांत बुडालेला असायचा, त्याला घरात तेवढीच शांतता बरी वाटायची.

नोव्हेंबरात ओल्गेर्ड मास्तर गेले. सकाळी तळघरात सेव्हेरिनला कळलं. रेनाता रडत होती, त्याला मात्र रडू येईना, तो तसाच उठून घरी आला. लुत्सिना बटाटे सोलत होती. तो समोर बसला आणि म्हणाला, "मास्तर गेले." तो जसा वाचायचा तसंच म्हणाला, शांत, स्वच्छ.

लुत्सिना हसली. मान हलवून म्हणाली, "बरं झालं!"

त्याच्या डोळ्यांत आता कुठं पाणी आलं, आणि ते दिसल्यावर लुत्सिनाच्या हातातली सुरी खाली पडली.

"काय झालं? काय म्हणालास तू?"

"मास्तर गेले, लुत्सिना."

"कळत नाही मला. लिहून दे."

त्यानं वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं. तिनं वाचलं, छातीवर क्रॉसची खूण केली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"कधीपासून?" त्यानं लिहून विचारलं.

"उन्हाळ्यापासून. नाही, त्याच्याही आधीपासून." ती मोठ्यानं बोलत होती, शेजारी ऐकू जात असेल तर जाऊ दे. "आधी अर्धं कळायचं, अर्धं अंदाजानं. मग काहीच कळेना. तुझं तोंड हलतच नाही, सेव्हेरिन. तू बोलतोस आणि चेहरा भिंतीसारखा. सुखाचं सांगतोस का दुःखाचं, तेही कळत नाही."

"सांगितलं का नाहीस?"

हे मात्र तिला न लिहिता कळलं. असल्या वेळी दुसरं काय विचारणार माणूस?

"सांगितलं असतं तर तू परत तोंड मोठं केलं असतंस. मग त्यांनी तुला काढून टाकलं असतं. मीच धरली होती ना मेणबत्ती?"

त्या दिवशी दोघं पोटभर रडली, आणि रडून झाल्यावर सेव्हेरिननं ठरवलं की घरात गिरणीचं तोंड, कामावर मास्तरांचं तोंड. इतकं काय अवघड आहे? दुसऱ्या दिवसापासून तो घरी ओठ ताणून बोलायला लागला. पण पूर्वी जे आपोआप व्हायचं ते आता करावं लागत होतं. प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येक शब्दाला जबडा खाली. लहान मुलाला घास भरवताना आपण तोंड उघडतो ना, तसं. लुत्सिनानं चार दिवस सहन केलं.

"नको करूस असं," पाचव्या दिवशी ती म्हणाली. "मला कळतंय सगळं, पण नको. साचेखात्यात तू माझ्याशी असा बोलत नव्हतास. तेव्हा तू लुत्सिनाशी बोलायचास. आता बहिरीशी बोलतोयस."

त्यानं तसं बोलणं सोडून दिलं. त्यात भर म्हणजे त्या आठवड्यात माइकमध्ये पुन्हा चपचप ऐकू यायला लागली. रेनातानं एकाच सिनेमाचे तीन तुकडे पुन्हा वाचून घेतले आणि मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत म्हणाली, "कुबालासाहेब, आता तुमच्याशिवाय कुणी नाहीये." मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. 'सूप गरम आहे.' 'उशीर होईल.' 'कोळसा आला का?' चिठ्ठीत माणूस कामाचंच लिहितो. बटण तुटलंय, बायको नाही का घरी, असलं काही कुणी चिठ्ठीत लिहीत नाही.

नाताळात शेजारच्या पाबियानित्से गावाहून लुत्सिनाची थोरली बहीण आली. कोर्नेलिया. तीही साचेखात्यातलीच, तिचेही कान तसलेच. दोघी बहिणी स्वयंपाकघरात मोदकासारखे दिसणारे ते आमचे मशरूमचे उषका वळत बसल्या. आतून बोलण्याचा काही आवाज नव्हता, फक्त मधूनमधून फस्सकन हसू फुटायचं. लुत्सिनाचं हसू सेव्हेरिननं किती महिन्यांनी ऐकलं होतं! तो उठून दाराशी गेला. दोघींचं तिकडं लक्ष नव्हतं. तोंडं उघडत होती, ओठ ताणले जात होते, भुवया वरखाली होत होत्या, आणि सेव्हेरिनला सगळं वाचता येत होतं. वीस वर्षांची सवय, ती थोडीच जाते?

कोर्नेलियाचे ओठ म्हणाले, "मग ये की माझ्याकडं. तुला काही लांब नाही, आणि मलाही कुणी सोबतीला नाही."

लुत्सिनाचे ओठ म्हणाले, "तो एकटा पडेल."

"त्याला अख्खं वूच ऐकतंय. एकटी तू आहेस."

लुत्सिनानं हातातल्या उषकाच्या कडा दाबून मिटवल्या. मग तिचे ओठ हलले. "तुझ्याकडं मला ऐकू येतं."

सेव्हेरिन दारातून मागं सरकला. चोरून ऐकल्याची लाज वाटली त्याला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

बहीण गेल्यावर त्यानं कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मी काम सोडतो.' लुत्सिनानं कागद वाचला, घडी घातली आणि चुलीत टाकला.

"सोडून काय करशील? आहे कुठली गिरणी चालू?" ती त्याच्या शेजारी येऊन बसली. "आणि ऐक. लोक म्हणतात तुझा आवाज फार चांगला आहे. मी तो कधी धड ऐकलाच नाही रे. तू कर्ण्यावर वाचायचास तेव्हा आमचे कान सुट्टी संपेपर्यंत घुमत असायचे. बाकीच्या बायका नुसत्या हो ला हो करायच्या का त्यांना खरंच ऐकू यायचं, कुणास ठाऊक. आता ज्यांना येतं त्यांना ऐकू दे. मी रागावून नाही जात. मला बोलायचंय कुणाशीतरी, एवढंच."

"किती दिवस?" त्यानं लिहिलं.

"बघू," ती म्हणाली. तिनं बॅगेत हिवाळ्याचे कपडे भरले, आणि उन्हाळ्याचेही.

जानेवारीतल्या एका सकाळी सेव्हेरिन तिला पाबियानित्सेच्या ट्रामवर सोडायला गेला. बोचरी थंडी होती, थांब्यावर दहाबारा माणसं पाय आपटत उभी होती. वाटेत त्यानं मनाशी सगळं ठरवलं होतं. कागद नाही, चिठ्ठी नाही. शेवटच्या क्षणी तो तिला सांगणार होता की जाऊ नकोस, आणि ते गिरणीच्या तोंडानं सांगणार होता, पूर्वीसारखं, अख्ख्या थांब्यानं बघितलं तरी बेहत्तर. त्यानं सकाळी आरशात दहादा म्हणून पाहिलं होतं. ट्राम आली. त्यानं बॅग वर चढवली. लुत्सिना खिडकीशी बसली, काचेवर जमलेलं दव तिनं हातमोज्यानं पुसलं आणि वाकून त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत नाही, त्याच्या ओठांकडं. तीन माग पलीकडून बघायची तशी, भुवया वर करून, बोल ना, अशी.

घंटा वाजली. सेव्हेरिनचं सगळं ठरवलेलं वाहून गेलं. जीव एवढा एकवटून आला की शरीरानं तेच केलं जे ते दीड वर्ष रोज सकाळी शिकलं होतं. श्वास पोटात गेला, खांदे खाली आले, ओठ जेमतेम विलग झाले.

"लुत्सिना, जाऊ नकोस."

काय आवाज होता तो! ओरडणं नाही, थरथर नाही. त्या गारठ्यातून तो सरळ गेला आणि थांब्यावरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला. पाय आपटणारी माणसं थांबली. सगळ्या माना वळल्या. काचेमागं लुत्सिना अजून त्याच्या तोंडाकडं बघत होती, भुवया तशाच वर, वाट बघत. त्याचं बोलून झालंय हे तिला समजलं नव्हतं. ट्राम हलली.

शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं त्याच्या बाहीला हात लावला.

"अहो, तुम्ही टीव्हीवरचे ना? गुरुवारचे? तरीच म्हटलं. माझ्या आईला ऐकू कमी येतं हो, पण तुमचा शब्द न् शब्द कळतो तिला."

"हो," सेव्हेरिन म्हणाला, "मीच तो." ट्राम वळेपर्यंत लुत्सिनाचा चेहरा काचेला टेकलेला होता.